विषय पहिला : कालिंदाचं दुसरं बाळंतपण

घरातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल सभेतच लावायचा, ही बद्रीअण्णांची रीत त्या दुष्काळातही मोडली नाही. विहिरीनं तळ दाखवला, बोअर नुसती हवा फेकू लागलं, गुरांमागोमाग अख्खं घर पाटोदा रस्त्यावरच्या चारा छावणीत राहायला आलं, तरी सभा चालूच. गावच्या दूध संस्थेचं चेअरमनपद वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसाला घरही संस्थेसारखंच दिसतं. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, हात वर झाले पाहिजेत आणि शेवटी अण्णांना हवं तेच झालं पाहिजे. मुलाचं, गहिनीनाथ उर्फ गैनीचं, लग्न असंच ठरलं, टीव्ही असाच आला, आणि अण्णांच्या थोरल्या विधवा बहिणीची, छबुबाईची, कवळी तर दोनदा फेटाळली जाऊन तिसऱ्या सभेत मंजूर झाली.

"विषय पहिला," अण्णा छावणीतल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीत सावरून बसत म्हणाले. "कालिंदाच्या दुसऱ्या बाळंतपणाबाबत विचार करून निर्णय घेणे."

"माझं अनुमोदन हाय," आश्रुबा म्हणाला.

"अजून काही मांडलं न्हाई बे."

"मांडा की मंग, दादा. मी अनुमोदन तयार ठेवलंय."

आश्रुबा हा अण्णांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही, वाटणी मागितली नाही आणि जन्मात कुठल्या ठरावाला नाही म्हटलं नाही. असा भाऊ असला की माणूस आपोआप पुढारी होतो.

ज्या कालिंदाच्या बाळंतपणाबाबत विचार करायचा होता, ती अण्णांची सून ताडपत्रीच्या सावलीत बसून चहासाठी आलं ठेचत होती. तिनं मान वर केली नाही. ठेचायचा दगड तेवढा जरा जोरात बसला.

"तर परिस्थिती सगळ्यांस्नी ठाऊक हाय," अण्णांनी घसा साफ केला. "पहिली ईश्वरी. गुणाची पोरगी हाय, तिच्याबद्दल आपली तक्रार न्हाई. पण माझ्यामागं संस्था गैनीनं बघायचीय. आन् कायदा काय म्हणतो? दोनाच्या वर लेकरं झाली की संचालकाला उभं राहता येत न्हाई. म्हंजे आपल्याला नेम एकदाच धरायचाय. तो हुकला तर दुसरी बी पोरगी. मंग तिसऱ्याची आशा धरावी तर संस्था जाती, आन् संस्था धरावी तर वंश जातो."

"संस्था तशी बी चाललीच हाय," अण्णांची बायको सत्यभामा म्हणाली. "दूध कुठंय?"

"ते ऐनवेळच्या विषयात घेऊ."

"जुळं झालं तर?" आश्रुबानं मनापासून विचारलं.

हा मुद्दा अण्णांच्या डोक्यात आला नव्हता. "त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा लागंल," ते म्हणाले. "आता जावईबापू बोलतील."

जावईबापू म्हणजे त्रिंबक. अण्णांच्या थोरल्या लेकीचा, तुळजाचा नवरा, पुण्यात असतो. आधी प्लॉट विकायचा, मग विमा विकू लागला आणि आता परदेशातले दवाखाने विकत होता. घरच्या घटनेत जावई हा नाममात्र सभासद. त्याला बोलायचा हक्क होता, मताचा नव्हता. बोलायची भूक त्याला मुळातच मोठी, त्यामुळे मताचं त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

"मामा, एकदम सोपं आहे," त्रिंबकनं मोबाइल सगळ्यांच्या मधोमध धरला. "आपल्याकडं या गोष्टीला बंदी आहे, म्हणून विमानानं बँकॉकला जायचं. तिकडं नवरा-बायकोचं बीज घेतात, काचेच्या ताटलीत पाच-सहा गर्भ तयार करतात, त्यात मुलगा कुठला ते तपासतात आणि तेवढाच पोटात सोडतात. सगळं डॉक्टरांच्या हातात. हे बघा, हे हॉस्पिटल."

छबुबाईनं चष्मा पुसून फोटो पाहिला. दवाखान्याच्या दारात हे एवढं मोठं कारंजं उडत होतं.

"हे पाणी कावून उडवायलेत खामखा?" तिनं विचारलं.

"शोभेचं आहे ते, आत्या."

"रोज?"

मग बराच वेळ सभा त्या कारंज्याभोवतीच घुटमळली. खाली सांडलेलं पाणी पुन्हा वर नेतात, असं त्रिंबकनं परोपरीनं सांगितलं. आश्रुबाला ते पटलं, छबुबाईला पटलं नाही. छावणीत टँकर एक दिवसाआड यायचा आणि माणसी दोन घागरी मिळायच्या. ज्या गावात पाणी उडवून टाकतात, तिथले डॉक्टर भरवशाचे कसे, असा तिचा सवाल होता.

"बाकीच्यांचं काय करतात?" कालिंदानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कोण बाकीचे, वहिनी?"

"पाच-सहा तयार करतात म्हणलात. त्यातला एक पोटात सोडला. राहिलेल्यांचं काय?"

त्रिंबकनं मोबाइलवर बोट खाली-वर फिरवलं. "ते बाजूला ठेवतात, वाटतं."

"कुठं?"

"ते इथं दिलेलं नाही."

कालिंदानं आलं पातेल्यात टाकलं. 

विषय भरकटतोय हे अण्णांच्या ध्यानात आलं. सभा भरकटली की उदाहरण द्यावं, हे त्यांचं जुनं शहाणपण. "लांब कशाला जायचं," ते म्हणाले. "आपल्या मॅडमकडं बघा."

मॅडम ही त्यांची होल्स्टिन गाय. तिला ऊन सोसत नाही, कडबा चालत नाही आणि पंख्याखाली बसल्याशिवाय ती पान्हवत नाही, म्हणून तिला हे नाव पडलेलं. मागल्या श्रावणात संस्थेनं हौसेनं मागवलेली, फक्त कालवडच होणारी रेतनाची कांडी पहिल्यांदा तिलाच भरली होती. मॅडमचे आता दिवस भरले होते आणि अण्णा सकाळपासून तिच्याकडं तीनदा जाऊन आले होते.

"शंभरातल्या नव्वदांना कालवडच होती. हे शास्त्र हाय. जे गाईला जमतं, ते बाईला कावून जमंना?"

"गाईला गोऱ्हा नको म्हणून कांडी, आन् बाईला पोरगी नको म्हणून इमान," सत्यभामा म्हणाली. "ह्या घरात नेमकं काय जन्माला यावं, ते एकदा ठरवा तरी."

"तू मधी बोलू नको. अध्यक्षाच्या परवानगीनं बोलायचं."

"परवानगी हाय का?"

"न्हाई."

"मंग बोलून झालंय माझं."

खरं तर या क्षणापर्यंत सत्यभामेचा ठरावाला विरोध असा नव्हता. तिलाही नातू हवाच होता. चिडवणं वेगळं आणि हात वर करणं वेगळं. इतक्या वर्षांत तिनं अण्णांना रोज चिडवलं होतं आणि दर सभेत हातही त्यांच्याच बाजूनं वर केला होता. आजही केला असता. पण छबुबाईनं विचारलं, "संगं कोण जाणार? कालिंदा अन् गैनीला तर मुंबई बी ठाऊक न्हाई."

आणि अण्णा चटकन म्हणाले, "मी जाईन की. मला तिथलं सगळं ठाऊक हाय."

ताडपत्रीखालच्या सगळ्या माना सत्यभामेकडं वळल्या. पलीकडच्या दावणीची म्हैस तेवढी रवंथ करत होती.

अण्णांना तिथलं ठाऊक होतं, कारण काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या दूध संस्थांचे सगळे चेअरमन दुग्धविकासाच्या अभ्यासदौऱ्यावर बँकॉकला जाऊन आले होते. त्या दौऱ्याचा फोटो घरी भिंतीवर होता. फोटोत अण्णा हत्तीवर बसलेले होते, अंगात फुलाफुलांचा सदरा होता, गळ्यात माळ होती आणि मागं समुद्र होता. सत्यभामेनं तो फोटो पुष्कळदा बारकाईनं पाहिला होता. त्यात गाय एकही नव्हती. परत आल्यावर आठ दिवस अण्णा काहीतरी गुणगुणत होते आणि विचारलं की म्हणायचे, चारा व्यवस्थापनाचा विचार करतोय.

"तुमी जाणार," सत्यभामा म्हणाली.

"पोरांच्या सोयीसाठी."

"माझा इरोध हाय."

"कशाला?"

"ठरावाला. सबंध ठरावाला. लिहून घ्या, न्हाई तर ध्यानात ठेवा."

*

गहिनीनाथ पायानं मातीत रेघा ओढत होता. तिशीला आलेला, अंगानं दांडगा, पण बापासमोर बसला की सातवीतला पोरगा व्हायचा. आपल्याला मुलगा हवाय का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. ईश्वरी रोज त्याच्या छातीवर पाय टाकून झोपायची. तिचा पाय बाजूला केला की तिला जाग यायची, म्हणून तो रात्रभर कूस बदलत नसे. संस्था मात्र त्याला नक्की नको होती. पण तेही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता सगळे त्याच्याकडं बघत होते, कारण गणित त्याच्यावर येऊन अडलं होतं. अण्णा, आश्रुबा आणि छबुबाई एका बाजूला. सत्यभामा आणि कालिंदा दुसऱ्या बाजूला.

"बोल की बे गैनी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, म्हंजे कसंय..."

कालिंदानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. डी.एड. होऊन तिला नोकरी लागली नव्हती, पण बेरीज-वजाबाकी ती विसरली नव्हती. गहिनीनाथ तिच्या बाजूनं आला तर मतं समसमान. मतं समसमान झाली की अध्यक्षाला आणखी एक, निर्णायक मत. म्हणजे नवरा शूर निघाला काय आणि भित्रा निघाला काय, ठराव मंजूरच होणार होता.

आणि बँकॉकची तिला भीती नव्हतीच. भीती वेगळीच होती. तिला तिसरा महिना लागला होता. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच, कारण गहिनीनाथच्या कानात गेलेली गोष्ट अण्णांच्या कानात जायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नसे. एकदा कळलं की विमान राहील बाजूला आणि गाडी निघेल. जिल्ह्यात आता कडक झालंय, सोनोग्राफीवाले हात लावत नाहीत, असं सगळे म्हणायचे. आणि लगेच आवाज खाली आणून, कुठल्या जिल्ह्यात अजून होतं, तेही सांगायचे. गर्भ आपल्या पोटात आहे की काचेच्या ताटलीत आहे, एवढाच काय तो फरक होता. निवडायचं तर दोन्हीकडं होतंच.

चहा उतू गेला. तिनं पातेलं उतरवलं.

तेवढ्यात दावणीकडून कुणीतरी हाळी दिली. "चेरमन, पळा. मॅडमच्या वासराचे पाय दिसायलेत."

अण्णा खुर्चीतून असे उठले की खुर्ची आडवी झाली. आश्रुबा उसाच्या मोळीवरून घसरला. गहिनीनाथ तर कधीच धावत सुटला होता. आयुष्यात इतक्या वेळेवर त्याला कुणी वाचवलं नव्हतं. त्रिंबकही मोबाइलचा कॅमेरा चालू करत मागोमाग गेला. आणि पळता पळता, केवळ हाडात मुरलेल्या सवयीनं, अण्णा ओरडले, "कोरम न्हाई. सभा अर्धा तास तहकूब."

*

बायका तिघीच राहिल्या. सत्यभामेनं आडवी झालेली खुर्ची उभी केली, पदरानं पुसली आणि तिच्याकडं बघत उभी राहिली.

"अर्धा तास तहकूब म्हणले ना हे?"

"म्हणले," कालिंदा म्हणाली.

"मंग अर्ध्या तासानं ह्याच जागी सभा भरती. आन् त्या सभेला कोरम लागत न्हाई. जेवढे हजर तेवढ्यांनी निर्णय घ्यायचा. ह्या नियमावर तर ह्यांचं चेरमनपद उभं हाय."

हे शब्दशः खरं होतं. पहिल्यांदा अण्णा चेअरमन झाले, त्या दिवशी दाट लग्नतिथी होती. विरोधी पार्टी तहकुबीच्या वेळात जेवणाच्या पंगतीला गेली, अण्णा उपाशी बसून राहिले, आणि जिलेबी खाऊन लोक परत आले तर संस्था हातची गेली होती. गावात त्यांना आजही मागून 'अर्ध्या तासाचे चेरमन' म्हणतात.

"घड्याळ बघ, कालिंदा," सत्यभामा म्हणाली. "मिनिटभर बी आधी नको. हे हरकत घ्यायला लई पटाईत हायत."

"पण निर्णय कसला घ्यायचा?" छबुबाई कवळी सारखी करत म्हणाली. "मी तर बद्रीच्या बाजूची हाय. नातवाचं तोंड बघायचंय मला. तू बँकॉकावरनं रुसलीस, तर त्याला जाऊ नको म्हण. गैनीला पाठव."

"मामी," कालिंदा म्हणाली. "आत्या." ती खाली बसली आणि एका दमात म्हणाली, "मला दिवस गेलेत. तिसरा चालू हाय."

छबुबाईचा चेहरा असा फुलला की कालिंदाला क्षणभर वाटलं, आपण उगाच भीत होतो. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात उतरवले, कानशिलावर बोटं मोडली. आणि त्याच आनंदात म्हणाली, "मंग इमान-बिमान कशाला? तपासून घेऊ. घाटनांदूरकडची माझी एक भाची हाय, तिला ठाऊक हाय कुठं..."

"अक्का," सत्यभामा म्हणाली.

"लगी कळतंय आता. पूर्वीसारखं न्हाई ऱ्हायलं."

"अक्का, तुळजा आन् गैनीच्या मधी एवढं अंतर कावून पडलं?"

पुन्हा कालिंदाच्या गालाकडं निघालेले छबुबाईचे हात मधेच थांबले.

"दुष्काळ हुता तवा," ती म्हणाली. "तुझं अंग धरत न्हवतं."

"दुष्काळ हुता. पण माझं अंग धरत हुतं. दोनदा धरलं. दोन्हीदा शहरात नेलं, सुई घालून पोटातलं पाणी काढलं, आन् कागद आल्यावर पुन्हा नेलं. तू आलतीस संगं. डबा घेऊन आलतीस. पहिल्यांदा भाकरी आन् पिठलं, दुसऱ्यांदा दशम्या. मी खाल्लं न्हाई, तू म्हणलीस, खा, वाया जाईल."

सत्यभामेचा आवाज चढला नव्हता. ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती, आणि म्हणूनच कालिंदाला तिच्याकडं बघवेना. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासू तिला नुसती तोंडाळ वाटत आली होती. एवढं तोंड असलेल्या बाईनं ही गोष्ट इतकी वर्षं कुठं ठेवली असेल, या विचारानं तिला रडू आलं.

"मी काय करणार हुते?" छबुबाई हात मागं घेत म्हणाली. "मी नवऱ्यामागं भावाच्या दारात पडलेली. बद्री जा म्हणला, गेले."

"मी तुला बोल लावत न्हाई. मी बी गेलेच की. गाडीत मीच बसले, मला कुणी उचलून न्हाई नेलं." सत्यभामेनं नाक ओढलं. "पण हिला न्हाई जायचं. नातू पाहिजे मला. पण हिला त्या गाडीत बसवून न्हाई पाहिजे."

छबुबाईनं कवळी काढली, पदरात गुंडाळली आणि डोळे पुसले. कवळीशिवाय तिचे शब्द फुसफुसत यायचे, पण दोघींनाही ते नीट कळले.

"किती झाली येळ?"

"झाला अर्धा तास," कालिंदा म्हणाली. "वर थोडा झालाय."

"मंग सभा सुरू करा. अध्यक्ष न्हाई, तर हजर माणसांतनं निवडायचा. मी सत्यभामेचं नाव सुचवते."

"माझं अनुमोदन," कालिंदा म्हणाली. हा शब्द तोंडात इतका सोपा असेल, असं तिला वाटलं नव्हतं. आश्रुबाकाका आयुष्यभर त्यावर का जगले, ते तिला जरासं कळलं.

सत्यभामा खुर्चीत बसली. आधी टोकावर, मग पाठ टेकून.

*

अण्णांचा आवाज त्यांच्या आधी आला. "कालवड. कालवडच झाली. बोललो हुतो का न्हाई? शास्त्र म्हंजे शास्त्र."

त्यांच्या धोतरावर चिखल होता, मूठभर पाण्यात हात धुऊन ते उसाच्या पाचटाला पुसलेले होते आणि व्यालेल्या गाईला चारून उरलेला गुळाचा खडा हातात होता. मागून आश्रुबा, गहिनीनाथ आणि त्रिंबक. सगळ्यांचे चेहरे उजळलेले. ताडपत्रीखाली वाकून शिरल्यावर अण्णांना आपल्या खुर्चीत बायको दिसली.

"ऊठ. सभा घ्यायचीय. आता तर पुरावाच आणलाय."

"सभा झाली."

"कुठली?"

"तहकूब झालेली. अर्ध्या तासानं, त्याच जागी, कोरमाशिवाय. अध्यक्ष गैरहजर, म्हणून मला निवडलं. तुमच्याच विषयावर ठराव केलाय. सूचक छबुअक्का." सत्यभामेनं हात मांडीवर जुळवले आणि दम न घेता सांगितलं. "कालिंदाला दिवस गेलेत. पोटात जे हाय ते आपलं हाय. त्याची तपासणी करायची न्हाई. इथं बी न्हाई, गाडी करून बी न्हाई, इमानानं बी न्हाई. आन् इथून पुढं ह्या घरातल्या कुठल्याच बाईच्या पोटाचा विषय सभेत यायचा न्हाई."

"माझं अनुमोदन हाय," मागून आश्रुबा म्हणाला.

"आश्र्या."

"सवय हाय, दादा." आश्रुबानं जरा विचार केला. "पण दिलंय आता."

गहिनीनाथ कालिंदाकडं बघत राहिला होता. आपण पुन्हा बाप होणार, हे माणसाला बायकोकडून कळतं, आईकडून कळतं. त्याला ते ठरावातून कळलं. "मला कावून न्हाई सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुमी मामांना सांगितलं असतं."

त्यानं प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. सांगितलं असतं. त्याला स्वतःची एवढी लाज आधी कधी वाटली नव्हती. त्यानं हात वर केला, वारेच्या चिकट पाण्यानं कोपरापर्यंत बरबटलेला, आणि तो तसाच धरून ठेवला. "माझं बी धरा," तो म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं. आन् मला चेरमन व्हायचं न्हाई, अण्णा. ते बी आत्ताच सांगतो, पुन्हा धीर व्हायचा न्हाई."

"म्हणजे बँकॉकचं बुकिंग..." त्रिंबक म्हणाला.

"जावईबापू, चहा घ्या," सत्यभामा म्हणाली.

अण्णांनी सभा जिंकायचे जेवढे मार्ग होते तेवढे मनात चाचपून पाहिले. "हरकत," ते म्हणाले. "मूळ विषयात तपासणीचा शब्दच न्हाई."

"बाळंतपणाबाबत विचार करून निर्णय घेणे. तुमचेच शब्द. आमी विचार केला, मंग निर्णय घेतला."

"अध्यक्षाला निर्णायक मत असतं."

"समसमान झाली तर. झालीत का?"

अण्णांनी एकेकाकडं पाहिलं. बहीण मान फिरवून बसली होती, भाऊ उसाचं कांडं सोलत होता आणि मुलाचा हात अजून खाली आला नव्हता. पण अण्णा हार मानणाऱ्यातले नव्हते. "ठीक हाय," ते म्हणाले. "मी फेरविचार मागतो. पुढल्या सभेत. घरातलीच माणसं हायत सगळी, बहुमत फिरवायला मला किती वेळ लागतो?"

"फिरवा," सत्यभामा म्हणाली. "पण त्या सभेला मधल्या दोघींची मतं बी धरायची."

"कुठल्या दोघी?"

"तुळजा आन् गैनीच्या मधल्या. असत्या तर लगीन होऊन जाईस्तवर त्या बी सभासद असत्या. मंग ह्या घरात बायांचं बहुमत असतं, आन् ह्या खुर्चीवर मी लई आधी बसले असते."

गहिनीनाथनं हात खाली घेतला आणि आईकडं पाहिलं. त्याला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्यानं बापाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत अण्णांनी ऑडिटरला उत्तरं दिली होती, निबंधकाला दिली होती, भर सभेत चप्पल फेकणाऱ्यालाही दिली होती. यावर कुठलाच नियम त्यांना आठवेना. दावणीकडं मॅडम वासराला चाटत होती, तिचा घसघस आवाज इथवर येत होता.

"नावं ठेवलती का तू त्यांची?" अखेर त्यांनी विचारलं. हा आवाज घरात कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

"ठेवलती."

"काय?"

"तवा तुमी इचारलं न्हाई," सत्यभामा म्हणाली. "आता मी सांगणार न्हाई."

अण्णांनी मान हलवली. हातातला गुळाचा खडा सुनेपुढं धरला. तिनं तो घेईपर्यंत हात तसाच राहिला. "ठराव मंजूर," ते म्हणाले आणि खाली पाचटावर बसले. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, आणि त्यांनीही ती मागितली नाही.